कॅमेऱ्याची लघुकौमुदी

कॅमेरा विकत घ्यावयास दुकानांत गेलेल्या मनुष्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "हा किती मेगापिक्सेलचा?" असें तो विचारतो, आणि दुकानदार सांगेल तो आंकडा जितका मोठा, तितकें त्याचें समाधान मोठें. शाळेंत पस्तीस वर्षें काढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या प्रश्नाचें नवल वाटत नाहीं. मुलाला संस्कृत कितपत समजतें हें जाणून घेण्याची दगदग पालकांस नको असते. गुण किती पडले एवढें कळलें म्हणजे त्यांना पुरे होतें. जें मोजतां येतें आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापतां येतें तेंच महत्त्वाचें, असा समज करून घेणें मोठें सोईचें असतें.

या मेगापिक्सेलांचा हिशेब एकदां करून टाकूं म्हणजे पुढें त्रास नको. डिजिटल चित्र बारीक ठिपक्यांचें बनतें. असे दहा लक्ष ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. १९७५ सालीं अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र शंभर ठिपके रुंद व शंभर ठिपके उंच, म्हणजे एका मेगापिक्सेलचा अवघा शंभरावा हिस्सा होतें. आणि तेवढें चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. त्या काळीं ठिपक्यांची टंचाई खरी होती. आज ती राहिलेली नाहीं. भिंतीवर लावावयाचा आठ इंच बाय बारा इंचांचा फोटो उत्तम प्रतीनें, म्हणजे इंचास ३०० ठिपके या मानानें छापावयाचा म्हटला, तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८६ लक्ष ४० हजार ठिपके पुरतात. हल्लींचा साधा शिकाऊ कॅमेरादेखील २४ मेगापिक्सेलच्या आसपास देतो. त्यांतून वीस इंच रुंदीचा फोटो निघेल. एवढा मोठा फोटो आपल्यापैकीं कितीजण छापून घेतात?

आंकडा विचारावयाचाच तर दुसरा विचारावा. तो खोक्याच्या दर्शनी बाजूस सहसा नसतो. कॅमेऱ्याच्या पोटांत प्रकाश झेलणारा जो काचेसारखा चौकोनी तुकडा असतो, त्यास सेन्सर म्हणतात. ठिपके त्याच्यावरच बसविलेले असतात. तेव्हां ठिपके किती, यापेक्षां ते केवढ्या जागेंत बसविले आहेत हा प्रश्न अधिक नेमका होय. पावसांत अंगणांत एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली, तर पाऊस एकच असूनहि पाणी सारखें सांचत नाहीं. प्रकाशाचेंहि तसेंच आहे. सेन्सर मोठा असला म्हणजे अंधाऱ्या जागींहि त्याच्या पदरांत अधिक प्रकाश पडतो, आणि चित्रांत दिसणारा रवाळपणा कमी होतो.

फुल-फ्रेम म्हणतात त्या सेन्सरचें माप ३६ बाय २४ मिलिमीटर. हें माप आकाशांतून पडलेलें नाहीं. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मचा उपयोग करून जर्मनींत ऑस्कर बार्नाक यानें एक छोटा कॅमेरा रचिला; तो १९२५ सालीं लायका या नांवानें बाजारांत आला. त्याच्या चित्राचें हें माप. त्याखालोखाल एपीएस-सी, तें बहुतेक कंपन्यांचें सुमारें २३.५ बाय १५.६ मिलिमीटर, कॅननचें किंचित् लहान. त्याखालीं मायक्रो फोर थर्ड्स, १७.३ बाय १३. मग 'एक-इंची' म्हणतात तो, ज्याची कोणतीहि बाजू इंचभर नसते; तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो, आणि त्याचें नांव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील नळीच्या मापावरून पडलेलें आहे. (नांवांच्या बाबतींत व्यापारी मंडळी कवींहून अधिक स्वैर असतात.) बहुतेक फोनांतील सेन्सर याहूनहि लहान. क्षेत्रफळें काढून पाहिलीं तर चौरस मिलिमीटरांत ८६४, ३६६, २२५ आणि ११६ अशी उतरंड लागते.

हें सारें मीं पाठ केलें त्यास कारण घडलें. राजापूर तालुक्यांतील आमचें जुनें घर आतां उतरावयाचें आहे. वांटण्या समजुतीनें झाल्या; कज्जा नाहीं, भांडण नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या विस्तारापैकीं तेथें राहणारें कोणी उरलें नाहीं, वासे वाळवीनें पोखरले आहेत, आणि दुरुस्तीस लागणाऱ्या पैशांत दुसरें घर उभें राहील. वैशाखापूर्वीं तें उतरवावें असें सर्वानुमतें ठरलें. तेथें आतां एकट्या काकू आहेत, वय वर्षें ९१. सोबतीस एक बाई असते. घर उतरलें म्हणजे त्या पुण्यास यावयाच्या. माझ्या थोरल्या बंधूंची नात मुक्ता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. तिनें जेवतांना सांगितलें, "घर आहे तोंवर घराचे आणि पणजीचे फोटो मी काढीन. मला एक चांगला कॅमेरा घेऊन द्या."

अशा प्रसंगीं आमच्या घरीं सभा भरते. दादा म्हणाले, "प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे, आणखी यंत्र कशाला?" बंगळूरास नोकरी करणारा पुतण्या फोनवरून म्हणाला, घ्यावयाचा तर फुल-फ्रेमच घ्या, दोन लाख लागले तरी हरकत नाहीं. वहिनींनीं हार्मोनियमची आठवण काढली. ती पेटी कोणी कोणाच्या हौसेखातर घेतली व आज ती कोणत्या कपाटाखालीं आहे हें घरांतल्या सर्वांस ठाऊक आहे. पैशाचा प्रश्न मात्र आधींच सुटला होता. जुन्या घरांतील घंगाळें, हंडे, तपेलीं, परातीं अशीं जीं भांडीं कोणासच ठेवून घ्यावयास जागा नव्हती, तीं मोडींत गेलीं होतीं, आणि त्यांचे साठ हजार रुपये कोणाच्या नांवें लावावे हें ठरत नव्हतें. ते मुक्तेच्या कॅमेऱ्यास द्यावे असें ठरलें. काकूंनीं पन्नास वर्षें घासलेलीं तीं भांडीं. तेव्हां हे पैसे कोणत्याहि दुकानदाराच्या जिभेवर सोंपवून देण्यासारखे नव्हते. तिच्याबरोबर दुकानीं जाण्याचें काम माझ्याकडे आलें.

दादांचा मुद्दा हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. हल्लींचा चांगला फोन हें मोठें चतुर यंत्र आहे. बटण दाबतांच तो लागोपाठ अनेक चित्रें टिपतो, तीं एकमेकांवर बसवितो, अंधार उजळतो, आकाश सांवरतो, आणि डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत तयार फोटो हातीं देतो. उन्हांत, अंगणांत, लग्नकार्यांत त्याची बरोबरी करावयास शिकाऊ मनुष्याला वर्ष लागेल. मात्र फोनानें माजघरांत काढलेला काकूंचा फोटो आम्ही सर्वांनीं पाहिला होता. खोली दिवसासारखी उजळलेली, आणि काकूंच्या गालांवरील सुरकुत्या मेण फिरविल्यासारख्या बुजलेल्या. आमचें माजघर इतकें उजळ कधींच नव्हतें. भर दुपारीं तेथें दाणे निवडावयाचे तर सूप घेऊन खिडकीशीं बसावें लागे. ज्या घराची आठवण ठेवावयाची त्याचा अंधार पुसून टाकिला तर ठेवलें काय?

शिवाय फोन जें करतो तें कां करतो हें सांगत नाहीं. मुलाचें गणित थोरल्या भावानें सोडवून द्यावें तसें तें होतें. उत्तर बरोबर, वही स्वच्छ, आणि मूल होतें तेथेंच. मुक्तेस शिकावयाचें होतें, आणि शिकणाऱ्याचें साधन निराळें असतें.

तें कसें असावें हें सांगावयास मला माझ्या विषयांतलाच दाखला सुचतो. भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदी म्हणजे पाणिनीचीं सुमारें चार हजार सूत्रें प्रकरणशः लावून दिलेला ग्रंथ. तो कोवळ्या विद्यार्थ्यास झेपावयाचा नाहीं म्हणून त्यांचे शिष्य वरदराज यांनीं लघुकौमुदी रचिली. सूत्रांची संख्या सुमारें तृतीयांशावर आली. परंतु संज्ञा, संधि, सुबन्त, तिङन्त, कृदन्त, समास यांपैकीं एकहि अंग गळलें नाहीं. लघुकौमुदी झालेला विद्यार्थी पुढें मोठी कौमुदी उघडतो तेव्हां त्याला मागलें कांहीं विसरावें लागत नाहीं. शिकाऊ कॅमेरा असा हवा. बाजारांत त्याच्या दोन्ही बाजूंस मोह आहेत. एकीकडे बोटभर जाडीचीं सुबक खेळणीं, ज्यांत सर्व आपोआप होतें. दुसरीकडे शंभर पानांच्या सूचनापत्रकासह येणारे महाग कॅमेरे, ज्यांतील निम्म्या कळा धंदेवाईक छायाचित्रकारासहि वर्षांतून एकदां लागतात.

मग त्यांतलीं न वगळण्याजोगीं प्रकरणें कोणतीं? मुख्यतः तीन. लेन्सच्या पोटांतील छिद्र लहानमोठें करतां आलें पाहिजे. शटर किती वेळ उघडें राहावें हें ठरवितां आलें पाहिजे. आणि सेन्सरची संवेदनशक्ति, जिला आय.एस.ओ. म्हणतात, ती चढवितां उतरवितां आली पाहिजे. हीं तिन्ही आपल्या हातानें, आणि शक्य तों कॅमेऱ्यावरील चाकानेंच, फिरवितां यावीं; पडद्यावरील यादींत तीन पायऱ्या उतरून नव्हेत. सर्व छायाचित्रविद्या या तिघांच्या तडजोडींत आहे. एकानें घेतलें तें दुसऱ्यानें सोडावें लागतें.

छिद्राचा आंकडा प्रथम गोंधळांत पाडतो. एफ १.८ हें छिद्र एफ ५.६ हून मोठें कसें, असें मुक्तेनें विचारलें. हा आंकडा भागाकाराचा आहे. लेन्सच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे तो येतो, म्हणून भाजक वाढला कीं तो घटतो. ५.६ ला १.८ नें भागून वर्ग केला तर जवळजवळ १० येतात, म्हणजे एफ १.८ वर एफ ५.६ च्या जवळजवळ दसपट प्रकाश आंत शिरतो. कागदावर हें रुक्ष दिसतें. माजघरांत तें जिवंत होतें. काकू दुपारीं खिडकीपाशीं बसून फुलवाती आणि समईच्या वाती वळतात. कॅमेऱ्याबरोबर जी साधी १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स मिळते, तिचें छिद्र झूम पुढें नेल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडतें. समजा, त्या उजेडांत तिच्यासाठीं शटर एक षष्ठांश सेकंद उघडें ठेवावें लागलें. तेवढ्यांत काकूंची बोटें वातीवरून पुढें सरकलेलीं असतात आणि चित्रांत त्यांचा धूर होतो. एफ १.८ ची लेन्स असेल तर तेंच चित्र सेकंदाच्या साठाव्या भागांत निघतें. बोटें बोटेंच राहतात, कापूसहि दिसतो. त्याची किंमत म्हणून नजरेच्या मागचें पुढचें अस्पष्ट होतें. तेंहि एका परीनें बरेंच, कारण मागें रेशनच्या पोत्यांची थप्पी आहे.

घराची गोष्ट मात्र उलट. खांब, तुळया, देवघराची चौकट हीं हलत नाहींत. त्यांच्यासाठीं महाग लेन्सची गरज नाहीं. मजबूत ट्रायपॉड हवा. त्यावर कॅमेरा बसवून छिद्र एफ ८ वर आणावें, आय.एस.ओ. १०० ठेवावा, आणि शटर दोन सेकंद उघडें राहिलें तरी चिंता नाहीं. एका घरांत हलणारें एक माणूस आणि न हलणाऱ्या शंभर वस्तु. कॅमेरा निवडतांना आम्हांस याहून मोठें मार्गदर्शन लाभलें नाहीं. ज्याला कॅमेरा घ्यावयाचा आहे त्यानें आपणांस कशाचे फोटो काढावयाचे आहेत हें आधीं कागदावर लिहावें. पक्ष्यांसाठीं लांब पल्ल्याची लेन्स लागेल, प्रवासासाठीं हलका कॅमेरा लागेल, नाटकासाठीं बिनआवाजाचें शटर लागेल. "सर्वच काढावयाचे आहेत" असें म्हणणाऱ्यानें सहा महिने थांबावें हें उत्तम.

यावरून लेन्सचें महत्त्व ध्यानांत येईल. पुतण्याचा फुल-फ्रेमचा आग्रह प्रेमाचा होता. पण साठ हजारांत तसा कॅमेरा बसविला तर लेन्ससाठीं कवडी उरली नसती, आणि फुल-फ्रेमच्या लेन्सा बहुधा वजनानें व किंमतीनें भारी असतात. एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमवरील सुमारें ५२ मिलिमीटरच्या लेन्सइतकें दृश्य घेते, म्हणजे तिच्यांतून माणसाच्या चेहऱ्याचें प्रमाण आपल्या डोळ्यांस स्वाभाविक वाटतें. झूम नसल्यामुळें पुढें मागें पायांनींच व्हावें लागतें. शिकणाऱ्यास हें वरदान आहे, असें माझें स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याचा सांगाडा पांचसात वर्षांत जुना होतो. लेन्स वीस वर्षें टिकते. म्हणून सांगाडा घेतांना आपण वस्तुतः एका कुळांत लग्न करीत असतों. कुळ म्हणजे माउंट, लेन्स ज्या कड्यांत बसते तें. निकॉनचें एफ माउंट १९५९ पासूनचें, कॅननचें ईएफ १९८७ पासूनचें. हीं दोन्ही आरशाच्या कॅमेऱ्यांचीं, ज्यांना डी.एस.एल.आर. म्हणतात. आतां कंपन्यांचें लक्ष बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलें आहे. सोनीचें ई माउंट २०१० सालचें, आणि कॅननचें आरएफ व निकॉनचें झेड हीं दोन्ही २०१८ सालचीं. नवा कॅमेरा घ्यावयाचा असेल तर तो मिररलेसच घ्यावा, कारण नव्या लेन्सा त्यांच्यासाठींच निघत आहेत. मिररलेसमध्यें छिद्र किंवा शटर फिरवितांच चित्र उजळतें कीं काळवंडतें तें डोळ्यापुढें तत्काळ दिसतें. शिकणाऱ्यास हा फायदा मोठा आहे. परंतु पैसे बेताचे असतील, तर ज्यांनीं मिररलेसकडे मोर्चा वळविला त्यांनीं विकावयास काढलेले डी.एस.एल.आर. आणि त्यांच्या लेन्सा आज फार सोईच्या भावांत मिळतात. फॅशन बदलली म्हणून आरशांतून येणारा प्रकाश कांहीं शिळा झालेला नाहीं. कॅमेऱ्यांतून पाहण्याच्या खिडकीची, म्हणजे व्ह्यूफाइंडरची, चौकशी मात्र अवश्य करावी. निकॉन झेड ३० व सोनी झेडव्ही-ई१० हे कॅमेरे मुख्यतः व्हिडिओ काढणाऱ्यांसाठीं केलेले आहेत आणि त्यांना ती खिडकीच नाहीं. कोंकणच्या उन्हांत पाठीमागील पडदा दिसत नाहीं. आणि डोळा खिडकीस लावून, कोपर बरगडीस टेकून कॅमेरा जसा स्थिर राहतो तसा तो हात लांब करून धरल्यानें राहत नाहीं.

नवशिक्याच्या खरेदीचा विचार करतांना दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. फोटोग्राफीचा धंदा ते पूर्वीं करून चुकले होते, पण सिनेमाच्या यंत्रास ते नवखे. १९१२ सालीं ते लंडनास गेले. तेथील 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांचा सल्ला घेतला, आणि विल्यमसनचा कॅमेरा घेऊन परतले. परत येतांच त्यांनीं हरिश्चंद्र-तारामतीस पाचारण केलें नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यावर रोखला, आणि अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत दिवसानुदिवस एकेक चित्र टिपीत राहिले. तो इवलासा चित्रपट दाखवूनच त्यांना भांडवल मिळालें. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, १९१३ सालीं लोकांपुढें आला. मुक्तेला मीं ही हकीकत सांगितली तेव्हां तिनें विचारलें, "आजोबा, म्हणजे मीहि वाटाणा पेरूं?" मीं म्हटलें, "तुझा वाटाणा म्हणजे पणजीचा पानाचा डबा. एका खिडकीशीं ठेव आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचेच फोटो काढ."

आमच्या लहानपणीं असा सराव परवडण्याजोगा नव्हता. घरांत आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. फिल्मच्या एका गुंडाळींत बारा फोटो. मुंज, बारसें, गणपति मिळून ते वर्षभर पुरवावयाचे. फोटो धुवून येईपर्यंत तो काढतांना आपण काय केलें होतें याचा पत्ता नसे. डिजिटल कॅमेऱ्याचा खरा गुण तेथें आहे. शंभर चित्रें बिघडलीं तरी कांहीं खर्च नाहीं, आणि प्रत्येक चित्राच्या पोटांत त्याचें छिद्र, शटर, आय.एस.ओ., दिवस आणि वेळ हीं आपोआप लिहिलेलीं राहतात. कच्चें गणित खोडून न टाकतां वहींतच ठेवणारा विद्यार्थी मास्तरांस जसा प्रिय, तसें हें यंत्र मला प्रिय झालें आहे.

आम्ही मुंबईस फोर्टांत बोरा बाजारांत गेलों. कॅमेऱ्यांचीं दुकानें तेथें दाटीनें आहेत आणि जुना मालहि मिळतो. पहिल्या दुकानांतील गृहस्थांनीं पिशवी, पुसण्याचें कापड, दोन फिल्टर आणि लहानसा लवचिक ट्रायपॉड असा गठ्ठा "फुकट" पुढें केला. अशा गठ्ठ्यांतील ट्रायपॉड वाऱ्याची झुळूक आली तरी मान टाकतो. दुसऱ्या दुकानांत मुक्तेनें तीन कॅमेरे हातांत धरून पाहिले. तिचा हात लहान. पहिल्यावर तर्जनी बटणाशीं पोंचली तर अंगठा चाकाशीं पोंचेना, दुसरा इतका छोटा कीं करंगळीस जागाच उरेना. तिसरा तिच्या हातांत बसला. घरीं बसून परीक्षणें वाचतांना ही गोष्ट कळत नाहीं, आणि हातास दुखणारा कॅमेरा कितीहि गुणी असला तरी खुंटीलाच राहतो.

आम्हीं एपीएस-सी सेन्सरचा वापरलेला डी.एस.एल.आर., त्याची मूळ १८-५५ झूम आणि वापरलेली ३५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स असें निवडलें. कंपनीचें नांव सांगत नाहीं. तें वाचून कोणी डोळे मिटून तेंच घ्यावें असा माझा हेतु नाहीं. जुनी वस्तु घेतांना काय पाहिलें तें मात्र सांगतों. शटर आजवर किती वेळां उघडलें याची मोजदाद कॅमेऱ्यांत असते. साध्या कॅमेऱ्याचें शटर सुमारें एक लाख वेळां चालेल अशा हिशेबानें केलेलें असतें. आमच्या कॅमेऱ्याचें अकरा हजारांच्या आंत होतें. छिद्र एफ १६ वर आणून पांढऱ्या कागदाचा फोटो काढला; सेन्सरवर धूळ असली तर त्यांत काळे डाग दिसतात. लेन्समधून विजेरीचा झोत पलीकडून पाहिला. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसले तर ती बुरशी, आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊं नये. निकॉन घेणाऱ्यानें आणखी एक ध्यानांत ठेवावें. त्याच्या डी ३००० व ५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकस फिरविणारी मोटर नाहीं, म्हणून मोटर नसलेली जुनी लेन्स त्यांवर बसते खरी, पण फोकस हातानें करावा लागतो. दुकानाच्या शिक्क्याचें बिल घेतलें. भक्कम ट्रायपॉड, ६४ जीबीचीं दोन कार्डें व एक जादा बॅटरी धरून सर्व पन्नास हजारांच्या आंत बसलें. उरलेले पैसे फोटो छापण्यासाठीं व तिच्या राजापूरच्या खेपांसाठीं राखून ठेवले आहेत. कॅमेऱ्यावर सगळे उधळले असते तर तो घेऊन जावयाचें कशानें, हा विचार वहिनींनीं सुचविला आणि तो सर्वांत शहाणपणाचा होता.

आपल्याकडील हवेबद्दल एक सूचना परदेशी पुस्तकांत सांपडत नाहीं. कोंकणांत आणि मुंबईस पावसाळ्यांत लेन्स कपाटांत बंद करून ठेवणें म्हणजे लोणच्यास पाण्याचा हात लावण्यासारखें आहे. कातडी पिशवीं तर ती मुळींच ठेवूं नये. कातडें ओल धरतें आणि बुरशीस आयतें आमंत्रण मिळतें. झांकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यांत कॅमेरा ठेवावा, दाण्यांचा रंग पालटला म्हणजे ते तापवून पुन्हां वापरावे, आणि आठवड्यांतून एकदां लेन्स बाहेर काढून वापरावी. ज्यांस परवडतें ते विजेवरचें कोरडें कपाट घेतात. त्यांतील आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. चित्रांचेंहि रक्षण करावें लागतें. मुक्तेला मीं नियम घालून दिला आहे, कीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं प्रति उतरल्याखेरीज कार्ड पुसावयाचें नाहीं. आमच्या पाठशाळेंत पोथी नकलून झाल्यावर मूळाशीं पडताळून पाहिल्याशिवाय मूळ पोथी परत करीत नसत, तोच हा रिवाज.

आतांपर्यंत तिच्या दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस पानाच्या डब्याचे एकशें चाळीस फोटो निघाले. त्यांतील दुपारीं साडेतीनचे तीन चांगले आहेत, आणि ते कां चांगले आहेत हें तिला आंकड्यांनिशीं सांगतां येतें. दुसऱ्या खेपेस तिनें देवघराची चौकट आणि माळ्याचा जिना घेतला. काकूंना फोटोचें कौतुक मुळींच नाहीं. "माझा काढलाय कीं एकदां," असें त्या म्हणतात आणि वाती वळणें चालू ठेवतात. मुक्तेस तेंच हवें आहे. घर उतरावयास अद्याप अकरा आठवडे आहेत. पुढच्या शनिवारीं ती ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन काकूंच्या समोर, खिडकीला डावी घालून, पाटावर बसणार आहे.